क्वाड बाइकवरील मार्गदर्शित सफर

क्वाड बाइकवरील मार्गदर्शित सफर : सुटीवर आलेल्या पर्यटकांनी वाटाड्याच्या मागोमाग, फुगीर टायरांची चारचाकी क्वाड बाइक स्वतः चालवत, पक्का रस्ता सोडून वाळवंट, माळरान, जंगलवाट किंवा डोंगरउतार यांवरून केलेली काही तासांची रपेट. नुसते वाहन भाड्याने घेऊन भटकणे आणि शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर फेऱ्या मारणे हे दोन्ही प्रकार हिच्यापासून वेगळे आहेत. अशा सफरीला येणाऱ्यांपैकी बरेच जण आयुष्यात प्रथमच क्वाड बाइकवर बसत असतात. वाहन दिसायला सोपे असते : चार चाके असल्याने ते थांबल्यावर आडवे पडत नाही, बहुतेक सफरींच्या वाहनांत क्लच दाबावा लागत नाही आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने थ्रॉटल (वेग देणारी कळ) दाबला की ते चालू लागते. हा सोपेपणा फसवा आहे. म्हणूनच या सफरीत पर्यटकाला मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट वाहन नसून वाटाड्या असतो.

एटीव्ही या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या वाहनावर घोड्यावर बसतात तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते आणि ते मोटारसायकलसारख्या हँडलने वळवावे लागते. सफरींसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांचे इंजिन बहुधा २५० ते ५०० घनसेंमी. क्षमतेचे आणि वजन साधारणपणे २०० ते ३५० किग्रॅ. असते. टायरांत हवेचा दाब फारच कमी, सुमारे ३ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ठेवतात. मोटारीच्या टायरांत तो ३० च्या आसपास असतो. कमी दाबामुळे टायर जमिनीवर पसरतो, वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि चाक वाळूत किंवा चिखलात रुतत नाही. थ्रॉटल मुठीने पिळायचा न ठेवता अंगठ्याने दाबायचा ठेवण्यामागेही विचार आहे. खडबडीत जमिनीवर चालकाचे शरीर मागे फेकले जाते तेव्हा त्याची मूठ आपोआप पिळली जाऊन वाहन आणखी उसळी घेण्याचा धोका असतो. अंगठ्याच्या थ्रॉटलमध्ये तो बराच कमी होतो. मात्र घाबरून हँडल घट्ट आवळणाऱ्या नवख्याचा अंगठा नकळत दाबलेलाच राहतो, हेही अनुभवी वाटाडे जाणून असतात.

अनेक क्वाड बाइकमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असतात, त्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असल्याने आतले चाक थोडे घसरावेच लागते. सैल मातीवर किंवा वाळूवर ते सहज घसरते. डांबरी रस्त्यावर मात्र टायर पकड सोडत नाही, वाहन सरळच जाऊ पाहते किंवा एकदम झटक्याने वळते. क्वाड बाइक पक्क्या रस्त्यावर चालवू नये, या उत्पादकांच्या सूचनेमागील एक प्रमुख कारण हेच आहे. सँतोरिनी, मिकोनोस यांसारख्या ग्रीक बेटांवर पर्यटक भाड्याच्या क्वाड बाइक वाटाड्याविना डांबरी रस्त्यांवर, वाहतुकीच्या गर्दीत चालवताना सर्रास दिसतात. ती प्रथा या नोंदीच्या विषयात मोडत नाही आणि वाहनाच्या घडणीचा विचार करता ती अधिक जोखमीची आहे.

या वाहनाचा पूर्वज तीनचाकी होता. हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावते म्हणून होंडाच्या अमेरिकी शाखेने वेगळे वाहन मागितले आणि त्यातून १९७० मध्ये फुगीर टायरांची तीनचाकी यूएस ९० बाजारात आली. पुढे ती एटीसी ९० या नावाने ओळखली गेली. सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकांची क्वाडरनर एलटी १२५ आणली आणि काही वर्षांतच इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. तीनचाकी वाहने वळणावर फार सहज कलंडत. अपघातांची संख्या वाढल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेचे शासन व उत्पादक यांच्यात न्यायालयासमोर करार झाला. त्यानुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबली, तसेच खरेदीदारांना प्रशिक्षण देण्याची आणि वयोमर्यादा सुचवण्याची जबाबदारी उत्पादकांनी स्वीकारली. शेतावर व गुराखीकामात चारचाकी वाहन रुळले होतेच. पर्यटनात ते आले ते मुख्यतः जिथे पायी फिरणे कठीण आणि जीप नेणे अडचणीचे, अशा प्रदेशांतून. मोरोक्कोतील मेर्झुगाजवळचे एर्ग शेब्बी, दुबईभोवतीचे वाळवंट, नामिबियातील स्वाकोपमुंडलगतचा वाळूचा पट्टा, तुर्कस्तानातील कॅपाडोशियाच्या दऱ्या आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सची स्टॉक्टन किनारपट्टी ही आज या सफरींची प्रसिद्ध ठिकाणे आहेत.

सफरीचा प्रारंभ वाहनावर बसून होत नाही, तो कागदपत्रांनी होतो. पर्यटकाचे वय, त्याची प्रकृती आणि काही ठिकाणी वाहन परवाना विचारला जातो आणि जोखीम समजल्याच्या निवेदनावर त्याची सही घेतली जाते. गर्भवती स्त्रिया तसेच पाठीचे किंवा मानेचे दुखणे असणारे यांना सहसा नकार मिळतो, कारण दोन तासांच्या धक्क्यांत पाठीच्या कण्यावर सतत ताण येतो. मद्यपान केलेल्याला वाहन देणारा सफर-आयोजक कोणत्याही दृष्टीने विश्वासार्ह नव्हे. त्यानंतर हेल्मेट डोक्याला बसते का ते पाहिले जाते. पट्टा बांधून हेल्मेट पुढे-मागे ढकलल्यावर कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे, ही साधी कसोटी. नुसते हेल्मेटच फिरत असेल तर ते मोठे आहे. डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर फडके, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि घोटा झाकणारे बूट हा योग्य पोशाख होय. चप्पल किंवा उघड्या सँडल घालून आलेल्यास परत पाठवणे कठोर वाटते, पण ते योग्यच आहे : इंजिनाच्या गरम धुराड्याला उघडी पोटरी टेकली की क्षणात भाजते.

यानंतर येतो सराव. सपाट जागेत शंकू मांडून आखलेल्या वर्तुळात प्रत्येकाला हळू वेगाने दोन्ही दिशांनी फेऱ्या मारायला, ठरलेल्या रेषेवर थांबायला आणि इंजिन बंद करायला लावतात. वाटाडा या वेळी हातांपेक्षा पायांकडे अधिक लक्ष देतो. सायकल किंवा मोटारसायकल चालवण्याची सवय असलेला माणूस तोल गेल्यासारखे वाटताच पाय खाली टेकवतो. क्वाड बाइकवर नेमके हेच धोक्याचे असते, कारण जमिनीवर टेकलेल्या पावलाच्या मागूनच मागचे रुंद चाक येत असते. ते टाचेवर चढते आणि पाय वाहनाखाली ओढला जातो. म्हणून ‘काहीही झाले तरी पाय पायरीवरच’ हा पहिला नियम पुन्हापुन्हा बजावला जातो. दुसरा नियम शरीराच्या वजनाचा. वळताना धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचे व बाहेरच्या पायरीवर भार द्यायचा, चढावर पुढे वाकायचे, उतारावर मागे सरकायचे आणि आडव्या उतारावरून जाताना डोंगराच्या बाजूला कलायचे. चालकाचे वजन वाहनाच्या वजनाच्या मानाने बरेच असल्याने त्याची जागा बदलली की तोलही बदलतो. मोटारीत बसलेल्या माणसाप्रमाणे निश्चल बसून राहणारा चालक वाहनाला अर्धेच चालवत असतो. मागे प्रवासी बसला की हा तोल सांभाळणे आणखी अवघड होते, म्हणून एकट्यासाठी बनवलेल्या वाहनावर दोघांना बसवू नये.

सरावातून वाटाड्याला जे कळते, त्यावर पुढची रचना ठरते. सर्वांत डळमळीत चालक वाटाड्याच्या लगेच मागे, सर्वांत सराईत शेवटाकडे आणि गट मोठा असल्यास अगदी शेवटी दुसरा वाटाड्या अशी रांग लावली जाते. वेग पहिल्या क्रमांकावरच्या नवख्याला झेपेल तेवढाच ठेवला जातो. मागच्यांना तो कंटाळवाणा वाटतो आणि ते मुद्दाम मागे राहून मग एकदम वेगाने पुढचे अंतर तोडतात; सफरींतील कितीतरी धडका याच सवयीतून होतात. एकमेकांना ओलांडायचे नाही, पुढच्याच्या चाकोरीतून जायचे आणि धुरळ्यात पुढचे वाहन दिसेनासे झाले तर वेग कमी करायचा, हे संकेत सर्वत्र जवळपास सारखेच असतात. हात वर केला की थांबायचे, तळहात खाली हलवला की सावकाश, इतक्या मोजक्या खुणांवर काम चालते, कारण इंजिनांच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत. काही ठिकाणी चालकाच्या मनगटाला दोरी बांधलेली असते. तो खाली पडला की दोरी सुटून इंजिन बंद होते. नवख्यांच्या वाहनांवर थ्रॉटल मर्यादित करणारा स्क्रूही बसवलेला असतो, त्यामुळे अंगठा पूर्ण दाबला तरी वेग ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही.

वाळूच्या टेकड्यांवर वाटाड्याची खरी कसोटी लागते. वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची व घट्ट असते, तर विरुद्ध बाजूची सैल वाळू सुमारे ३२ ते ३४ अंशांच्या कोनात उभी असते आणि दोहोंमधला माथा कधीकधी सुरीच्या पात्यासारखा धारदार असतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या पडत नाहीत, त्यामुळे ही धार नजरेला दिसतच नाही आणि वेगात माथ्यावर गेलेले वाहन पलीकडे हवेत झेपावते. कालची टेकडी आज वाऱ्याने बदललेली असू शकते, म्हणून ओळखीच्या वाटेवरही वाटाड्या माथ्याजवळ तिरपा थांबतो, पलीकडे पाहतो आणि मग एकेकाला वर बोलावतो. या सफरी सकाळी किंवा दिवस कलताना ठेवण्यामागे ऊन टाळणे हे एक कारण असले, तरी लांब सावल्यांत जमिनीचा चढउतार स्पष्ट दिसतो, हे त्याहून महत्त्वाचे कारण आहे. पलीकडून येणाऱ्याला वाहन दिसावे म्हणून उंच लवचीक काठीवर झेंडा लावतात. चढावर मध्येच इंजिन बंद पडले तर वाहन मागे घरंगळू न देता ब्रेक धरून थांबायचे आणि वाटाड्या येईपर्यंत वळवायचा प्रयत्न करायचा नाही, कारण अर्ध्या चढावर आडवे झालेले वाहन उलटतेच असे समजावे.

उलटणे हाच या वाहनाचा सर्वांत घातक अपघात आहे. वाहन अंगावर येऊन छाती दाबली जाते आणि हाडे न मोडताही श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात शेतांवर झालेल्या अशा अनेक मृत्यूंनंतर तेथे २०१९ मध्ये सुरक्षा मानक लागू करण्यात आले. त्यानुसार ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण कामाच्या नव्या क्वाड बाइकवर मागे संरक्षक कमान असणे बंधनकारक आहे. उलटलेले वाहन ही कमान चालकापासून काहीसे वर तोलून धरते. सफरीतील बहुतेक दुखापती मात्र याहून साध्या असतात : मनगट मोडणे, खांदा निखळणे, पोटरी भाजणे. वैद्यकीय मदतीपासून दूर असलेल्या प्रदेशात त्याही गंभीर ठरतात, म्हणून वाटाड्याकडे प्रथमोपचार पेटी आणि संपर्काचे खात्रीचे साधन आहे का, हे पर्यटकाने निघण्यापूर्वी विचारावे. प्रवास विम्याच्या अनेक योजनांत क्वाड बाइक चालवणे मुळातच वगळलेले असते किंवा त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. अटी आधी वाचल्या नाहीत तर उपचारांचा संपूर्ण खर्च अंगावर पडतो. लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेत रूढ असलेली शिफारस अशी की, मोठ्यांसाठी बनवलेले वाहन १६ वर्षांखालील मुलांनी चालवू नये. सफर चालवणारे हा नियम सर्वत्र पाळतात असे नाही, आणि पालकांनी तिथे भिडेला बळी पडू नये.

जमिनीची हानी हा या सफरींवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. हलत्या वाळूवरचा माग वारा पुसून टाकतो, पण खडीच्या सपाट वाळवंटात तसे होत नाही. नामिब वाळवंटातील खडीच्या मैदानांवर दगडफुलांचा पातळ थर असतो; एकदा चाक फिरले की तो तुटतो आणि चाकोरी दशकानुदशके तशीच राहते. नामिबच्या किनाऱ्यालगत डमारा टर्न हा लहानसा सुरय पक्षी उघड्या खडीत उथळ खळगा करून बहुधा एकच अंडे घालतो. ते खडीच्या रंगात इतके मिसळलेले असते की वाहनावरून दिसणे अशक्यच. आइसलँडमध्ये शेवाळाने झाकलेली लाव्हाची जमीन इतकी नाजूक आहे की निसर्ग संरक्षण कायद्याने वाट सोडून वाहन चालवण्यास तेथे मनाई आहे. तेथील क्वाड बाइक सफरी पूर्वीपासून असलेल्या कच्च्या वाटांवरूनच नेल्या जातात. दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या नियमांनी समुद्रकिनाऱ्यांवर मनोरंजनासाठी वाहने चालवण्यावर बंदी घातली. वाटाड्याची गरज इथेही तितकीच लागते, कारण कोणता पट्टा तुडवला तरी चालेल आणि कोणता नाही हे परक्या पर्यटकाला ओळखता येणे शक्य नाही.

चांगल्या सफरीत वाहन हे एखाद्या जागेपर्यंत पोहोचण्याचे साधन ठरते. स्टॉक्टनच्या वाळूच्या टेकड्या वोरिमी या आदिवासी लोकांच्या परंपरागत भूमीत येतात आणि तेथील आदिवासी वाटाडे वाहने थांबवून शिंपल्यांचे जुने ढीग दाखवतात, पूर्वजांच्या मुक्कामांविषयी सांगतात. अशा थांब्यांवर इंजिने बंद असतात, हेल्मेटे उतरवलेली असतात आणि वाहनावर असताना ज्याला समोरच्या टायरापलीकडे काही दिसले नव्हते, त्याला आपण कुठे आहोत हे प्रथमच कळते.

अलीकडे अनेक ठिकाणी क्वाड बाइकची जागा शेजारी-शेजारी बसण्याच्या बग्गीसारख्या वाहनांनी घेतली आहे. त्यांना स्टिअरिंग, आसनपट्टे आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. चालकाच्या शरीराने तोल सांभाळण्याची त्यांत फारशी गरज नसते, त्यामुळे वयस्कर किंवा कमी ताकदीच्या पर्यटकांनाही सफर करता येते. मात्र वाहन कलंडू लागले की माणूस सहजप्रवृत्तीने हात बाहेर काढून सावरायला पाहतो आणि तोच हात पिंजऱ्याखाली सापडतो. म्हणून या सफरींत निघण्यापूर्वी वाटाड्या प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहतो आणि हात आतच ठेवण्याची ताकीद देतो.