खेकड्याला हवेतला वास येतो तरी कसा?

पाण्यातला खेकडा वास घेतो म्हणजे पाण्यात विरघळलेली रसायनं पकडतो. त्याच्या डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यातली छोटी जोडी म्हणजे त्याचं नाक. या जोडीवर एस्थेटास्क नावाचे लांब, नाजूक केस असतात आणि त्यांच्या आत वास ओळखणाऱ्या नर्व्ह सेल्सची टोकं. आता असले केस पाण्याबाहेर काढले की ते वाळणार आणि एकमेकांना चिकटून बसणार, मग जे खेकडे कायमचे जमिनीवर राहायला आले त्यांनी नाकाचं काय केलं?

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे कोकोनट क्रॅब. वजन 4 किलोपर्यंत जातं, नारळ फोडून खातो, आणि मोठा झाल्यावर याला पाण्यात टाकलं तर चक्क बुडून मरतो! याचे एस्थेटास्क आखूड आणि बोथट असतात, मिशीच्या खालच्या बाजूला दाटीवाटीने बसलेले, दिसायला बरेचसे किड्यांच्या अँटेनावरच्या केसांसारखे. 2005 मध्ये किड्यांच्या वासावर काम करणारे शास्त्रज्ञ बिल हॅन्सन आणि त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यांनी मिशीला इलेक्ट्रोड लावून त्यावर वेगवेगळे वास सोडले आणि सिग्नल मोजले, शिवाय हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडवर वासाचं आमिष लावून बघितलं तर सडक्या मांसाला जो वास येतो त्यातल्या डायमिथाइल ट्रायसल्फाइडकडे खेकडे बरोबर चालत आले. मेंदूतला वासाचा भागही यांच्यात जबरदस्त मोठा असतो.

पण खरी गंमत पुढे आहे. नाकाची बाहेरची रचना किड्यांसारखी झाली तरी आतली मशिनरी जुनीच राहिली. उडणाऱ्या किड्यांकडे वासासाठी ओआर नावाची रिसेप्टर्सची (म्हणजे वास पकडणाऱ्या प्रोटीन्सची) मोठी फॅमिली आहे, ती जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबमध्ये (रिकाम्या शंखात राहणारा, कोकोनट क्रॅबचा नातेवाईक) सापडतच नाही, तो समुद्रातल्या पूर्वजांकडून आलेल्या आयआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टर्सवरच भागवतो. म्हणूनच की काय, त्याला पाण्यात सहज विरघळणारे वास जास्त चांगले कळतात आणि हवा दमट असली की प्रतिसाद अजून वाढतो. म्हणजे जमिनीवर आला खरा, पण नाकाला थोडा ओलावा लागतोच! (एवढ्यावर पण काम झकास चालतं हां, कोस्टा रिकात मेलेल्या हर्मिट क्रॅबच्या मांसाचा वास आला की बाकीचे गर्दी करतात, खायला नाही तर बहुतेक रिकामा शंख मिळेल या आशेने.)

सगळ्यांनी हाच मार्ग धरला असंही नाही. कुंडी उचलली की खाली राखाडी, गोळा होऊन बसणारे वुडलाइस दिसतात ना, तेसुद्धा क्रस्टेशियनच (खेकड्यांच्याच गटातले), पण त्यांची ती छोटी मिशांची जोडी जवळजवळ नाहीशीच झालीय, ते बरंचसं काम दुसऱ्या मोठ्या जोडीच्या टोकाने चाचपून करतात.