ट्रॅप माश्यांनी भरला तरी फळं का किडतात?

मिथाईल युजेनॉल, म्हणजे फळमाशीला ओढणाऱ्या वासाचं रसायन, त्याचा ट्रॅप लावला, आठ दिवसांत तळाशी माश्यांचा थर साचला, की फळमाशी आटोक्यात आली असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग काढणीला फळ कापून बघावं तर आत अळ्या वळवळतायत. ट्रॅप खोटा नव्हता, ल्यूर म्हणजे आतलं वासाचं आमिषही खराब नव्हतं, पण त्यात पडलेल्या जवळपास सगळ्या माश्या नर होत्या. फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि ती या वासाकडे सहसा फिरकत नाही. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली ना तर ट्रॅपकडून काय अपेक्षा करायची हे आपोआप बदलतं.

या वासाचा शोध भारतातच लागलाय, बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेत. तिथल्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने 1912 मध्ये लिहून ठेवलं की डास पळवायला लावतात त्या सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर झुंबड करतात, मग तेलातला नेमका कुठला घटक हे शोधत शोधत तो 1915 मध्ये मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचला. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली तरी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या फळमाशीच्या नरासाठी यापेक्षा तगडं आमिष मिळालेलं नाही.

नराला ते एवढं का हवं असतं हे मला सगळ्यात भारी वाटतं. मिथाईल युजेनॉल हे माशीचं स्वतःचं फेरोमोन, म्हणजे आपल्याच जातीला बोलवायला किडा सोडतो तो वास, नाहीच, ते बऱ्याच झाडांच्या फुलापानांत असतं. नर ते चाटून खातो, शरीरात त्याचे दुसरे पदार्थ बनवतो, गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी अंधारून यायला लागलं की मादीला बोलवायला हवेत सोडतो. ज्याने ते खाल्लंय त्या नराला माद्या जास्त पसंत करतात. म्हणजे आपण ट्रॅपमध्ये ठेवतो तो नराचा कच्चा माल आहे. आणि ज्याचं पोट याआधीच कुठल्या फुलावर भरलंय तो पुढचे काही दिवस ट्रॅपकडे कमी येतो, त्यामुळे आकडा खाली आला म्हणजे माशी कमी झाली असं लगेच धरून चालू नका.

मग नर मारून काहीच होत नाही का? होतं, पण हिशोब कडक आहे. एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे 100 तले 90 मेले तरी उरलेले 10 बहुतेक माद्यांना पुरून उरतात. जवळजवळ सगळेच नर संपवावे लागतात, तेही मोठ्या सलग भागात. 1960 च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर हे करून दाखवलं, मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले चौकोनी तुकडे विमानातून बेटभर टाकले आणि फळमाशी तिथून साफ संपली. पण ते बेट होतं, चारी बाजूंनी समुद्र. आपल्या बागेला असं कुंपण नसतं, शेजारच्या बागेत जुळून आलेली मादी सरळ उडत येते आणि अंडी घालून जाते.

असे ट्रॅप पतंगांसाठीही लावतात, पण त्यांचं गणित वेगळं, तिथे मादी वास सोडते आणि नर तो हुंगत येतो, हे खरं फेरोमोन. पहिलं फेरोमोन ओळखलं ते रेशीमकिड्याच्या पतंगाचं, 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या लागल्या होत्या कारण एकेकीकडे ते अगदी कणभर असतं. पुढे सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथचं 1971 मध्ये रोएलोफ्सच्या टीमने शोधलं, नराच्या मिशीला इलेक्ट्रोड जोडून, कुठल्या रसायनाला मिशी विजेचा झटका देते ते बघून. काही जातींत तर एक रसायन पुरत नाही, प्रमाण लागतं. ओरिएंटल फ्रूट मॉथ या पतंगाच्या वासात एकाच रसायनाची दोन रूपं असतात, साधारण 95 ला 5, आणि हे प्रमाण फार बिघडलं की नर येईनासे होतात. स्वस्तातल्या ल्यूरचा रिझल्ट कधीकधी का मिळत नाही त्याचं एक कारण हेच.

पतंगांसाठी आणखी एक उपाय आहे, नर पकडायचेच नाहीत, त्यांना गोंधळात टाकायचं. हेक्टरी 500 ते 1000 डिस्पेन्सर, म्हणजे हळूहळू वास सोडणाऱ्या नळ्या, फांद्यांना बांधतात, बागभर मादीचाच वास, आणि गर्दीत चहूकडून एकच हाक यावी तसं नराला खरी मादी कुठे ते कळतच नाही. मोठ्या सलग बागेत हे छान चालतं. छोट्या तुकड्यात फसतं, कारण तेच, बाहेरून जुळून आलेली मादी.

फळमाशीच्या मादीला गाठायचं तर तिची गरज बघावी लागते. अंडी पिकायला तिला प्रोटीन लागतं, म्हणून प्रोटीन हायड्रोलायसेट (तोडून बारीक केलेलं प्रोटीन) आणि थोडं कीटकनाशक असं आमिष पानांवर ठिपक्या-ठिपक्यांनी मारतात, फळांवर नाही, आणि त्याला नर-मादी दोघंही येतात. भोपळावर्गातल्या वेलींची फळमाशी मात्र वेगळी, तिचा नर मिथाईल युजेनॉलला येत नाही, त्याला क्यूल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं.

मिथाईल युजेनॉलचा ट्रॅप काढून टाकू नका हं. फळं पिकायच्या बरंच आधी लावा, आकडे लिहून ठेवा, कारण माशी वाढायला लागली हे फळावर दिसायच्या आधी तिथे दिसतं आणि प्रोटीनचं आमिष कधी सुरू करायचं ते ठरवता येतं. आणि खाली पडलेली फळं रोज उचला, त्यातल्या अळ्या बाहेर पडून मातीत कोष करतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. ती फळं बांधावर फेकून काही उपयोग नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा किंवा चांगली खोल पुरा.