कोकणातील परिसंस्था सेवा

निसर्गाच्या चालत्या व्यवहारातून माणसाला जे मिळते त्याला परिसंस्था सेवा म्हणतात. त्यात भात, मासळी, सरपण, पाणी येते. पुराला नि धुपेला बसणारा आळा येतो आणि देवराईवरची श्रद्धाही येते. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनामुळे ही संज्ञा सर्वतोमुखी झाली.

कोकणात सह्याद्री ते समुद्र हे अंतर सुमारे ५० किमी. तेवढ्यात डोंगरउतारावरचे रान, जांभ्याचा सडा (लाल सच्छिद्र दगडाचे पठार), वाडी, खाजण (भरतीच्या पाण्याची खारी जमीन), खाडी आणि पुळण (वाळूचा किनारा) एकाखाली एक येतात. त्यामुळे वर काही बदलले की ते खाली जाणवतेच.

सड्याचेच पाहा. वर्षाला अडीच-तीन हजार मिमी पाऊस पडूनही कित्येक वाड्यांच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी सड्यात मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू पाझरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक वाड्या याच पाण्यावर जगतात. सातबाऱ्यावर मात्र सडा बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी! १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने लागवडीला जोर आला. कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून हापूसच्या बागा उठल्या. आंब्याचे उत्पन्न वाढले, पण गुरांचे गवत आणि पावसाळी रानफुलांची जागा घटली. चिरेखाणींनी तर सडाच कापून नेला.

खाजणाची गोष्ट वेगळी. पेण-अलिबागकडे बांध घालून, उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) पाणी सोडून खाऱ्या जमिनीत भात पिकवत. बांधाची राखण गावकीची होती. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर ती बरीचशी सरकारकडे गेली, आणि फुटलेला बांध वेळेत बांधला जाण्याची खात्री राहिली नाही. खारे पाणी शिरलेल्या शेतात चिप्पी, तिवर ही कांदळवनाची झाडे उगवली. मासळीच्या पिलांना आसरा मिळाला. शेतकऱ्याचे भात गेले, आणि कांदळवन तोडण्यास मनाई असल्याने ते शेत परत मिळणेही कठीण. काहींनी तळी करून जिताडा मासा पाळला.

अशा बदलांची कारणे पुष्कळदा गावाबाहेर असतात. घरटी एक-दोन माणसे चाकरमानी होऊन मुंबईला गेली, तशी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतली नाचणी-वरी थांबली. तिथे रान माजले, वानर-डुकरांचा उपद्रव वाढला. रत्नागिरीत जंगल मुख्यतः खासगी मालकीचे, त्यामुळे तेही लाकूडतोडीच्या ठेकेदाराला विकले जाते. उत्तरेला कारखाने, नवी मुंबई आणि १९८९ चे न्हावा शेवा बंदर यांनी खाड्यांचे रूप पालटले. दक्षिणेला दोडामार्गात रानाच्या जागी रबर आले.

समुद्रातही तसेच. मासळीचे थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी काठावरून रापण (लांब जाळे) ओढणाऱ्यांची त्यांच्याविरुद्धची तक्रार कायम आहे. रत्नागिरीतल्या वेळासला मात्र ज्या कासवांची अंडी पूर्वी चोरीला जात, त्यांची पिले पाहायला आता पाहुणे येतात आणि गावातल्या घरांत मुक्कामाला राहतात.