दिशावेधी चेतापेशी

मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टी-बाह्यकात, म्हणजे नजरेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या थरात असलेल्या, ठरावीक कलाची रेघ किंवा कड समोर आली तरच जोमाने उद्दीपित होणाऱ्या चेतापेशी. उभ्या कडेला एक पेशी दाद देते, तिरप्या कडेला दुसरी.

कडांवाचून नजरेचे किती अडते, हे कोल्हापुरात अंबाबाई मंदिराच्या बाहेरच्या भिंतींपाशी उभे राहिल्यावर कळते. दगड काळा आणि मूर्तीही त्याच दगडातली, त्यामुळे रंगाचा आधार जवळजवळ नाहीच. तिरप्या उन्हात मूर्तीच्या दंडाखाली, कमरेच्या वळणाशी बारीक सावली धरते आणि तेवढ्यावरून अख्खी आकृती उभी राहते. ढगाळ दिवशी तीच मूर्ती भिंतीत मुरल्यासारखी दिसते.

फरक टिपण्याची सुरुवात डोळ्यातच होते. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, उजेड टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लाख शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र साधारण १० लाख. एवढ्या अरुंद वाटेने सगळे पाठवणे परवडणारे नाही. चेताशास्त्रज्ञ स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या डोळ्यात दाखवले की, दृष्टिपटलातील गुच्छिका पेशी (मेंदूकडे जाणारे तंतू यांचेच) आपल्या टापूच्या मध्यावरचा आणि भोवतालचा उजेड ताडून पाहतात. सगळीकडे सारखाच उजेड पडला तर त्या फारशा हलत नाहीत. किरणोत्सवात मावळतीचे ऊन गाभाऱ्यात शिरते तेव्हा त्याची तिरीप डोळ्यात भरते. त्याच वेळी महाद्वार रोडवर पसरलेल्या उन्हाकडे कुणाचे लक्षही नसते.

पुढचा शोध चक्क अपघाताने लागला. १९५८ मध्ये कफलर यांच्याच प्रयोगशाळेत, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल बेशुद्ध केलेल्या मांजराच्या दृष्टी-बाह्यकातील एका पेशीचे संदेश ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका दाखवून तासन्‌तास गेले, पेशी ढिम्म. मग पट्टी सरकवताना अचानक ध्वनिक्षेपकातून ताडताड आवाज सुरू झाला. ठिपक्याचा त्यात काहीच वाटा नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली त्या पेशीला हव्या त्या कलात सरकली होती. १९५९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले आणि १९८१ च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांना मिळाला.

त्यांचे दुसरे काम घरोघरच्या आईबापांच्या अधिक कामाचे. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही महिने बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही बाह्यकातील बहुतेक पेशी दुसऱ्याच डोळ्याला दाद देत. डोळा निकोप, पण मेंदूने त्याचा हिशोब सोडलेला. माणसातील ‘आळशी डोळा’ हा बराचसा असाच प्रकार. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मंद डोळ्याला कामाला लावतात, आणि ते जितके लहान वयात होईल तितका गुण येतो. तिरळेपणा हे आळशी डोळ्याचे एक मोठे कारण, पण काही घरांत तो नशीबवानाचे लक्षण मानतात. त्यात हीच वर्षे वाया जातात. तिरळेपणा नसेल तर दोष लक्षात येणे आणखी अवघड, कारण मूल एका डोळ्याने फळा व्यवस्थित वाचते. एकेक डोळा झाकून पाहिल्याशिवाय घरच्यांना पत्ताच लागत नाही.