पार्श्वभूमी : सार्वजनिक आरोग्याच्या परदेशी पदवीची वाटचाल

मिरजेत एमबीबीएस करून ‘एमपीएच’ या सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करू पाहणाऱ्यांना घरातूनच पहिला प्रश्न येतो, की डॉक्टर झाल्यावर सर्जरी किंवा मेडिसिन सोडून हे कशाला? डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेले मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या भोवती वाढलेल्या या गावात वैद्यक म्हणजे रुग्ण बरा करणे, अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. सार्वजनिक आरोग्याचा विषय मात्र रुग्ण दवाखान्याच्या पायरीपर्यंत येण्याआधीचा आहे.

या शिक्षणाचा उगम साम्राज्याच्या गरजेत आहे. १८९८ मध्ये लिव्हरपूलला आणि १८९९ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने लंडनला उष्ण कटिबंधातील रोगांच्या अभ्यासाच्या संस्था निघाल्या, त्या वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना तयार करण्यासाठी. त्याच सुमारास, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधाराने घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण झाले, आणि लोकांना विश्वासात न घेता राबवलेले आरोग्य किती चीड निर्माण करते, हे महाराष्ट्राने अनुभवले. हा धडा अभ्यासक्रमात शिरायला मात्र पुढची कित्येक दशके जावी लागली.

१९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा स्थापन झाली. त्याच फाउंडेशनच्या मदतीने १९३२ मध्ये कलकत्त्यात सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रतिबंधक वैद्यकाला डॉक्टरांच्या शिक्षणात स्थान मागितले.

खरे वळण महाराष्ट्रातच दिसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. तिथे आरोग्याचा भार त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, स्त्रियांवर सोपवला. १९७८ च्या आल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला, तेव्हा ही वाट इथे मळलेली होती. त्याच विद्यापीठातून आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्या आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पदवी परदेशातली होती. जिद्द आणि प्रश्न इथले होते, हे मला फार मोलाचे वाटते.

आज अनेक विद्यापीठांत डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो; साथरोगशास्त्र आणि सांख्यिकी हा अभ्यासाचा कणा असतो. त्यांचा उपयोग सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. २०१९ सारखा कृष्णेचा पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकावी लागते, पाण्यात पुरेसे क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो का ते पाहावे लागते, तापाच्या रुग्णांत लेप्टोस्पायरोसिस (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा आजार) हुडकावा लागतो. हे काम आरोग्यसेवक आणि ‘आशा’ स्वयंसेविका करतात. पण कोणत्या गावात आधी पोहोचायचे आणि वाढलेला ताप ही साथ आहे की नेहमीचा पावसाळी आजार, हे ठरवणे याच अभ्यासाचा भाग आहे.