लेटन्सी : संगणक नेटवर्कमधील विलंब

एका संगणकावरून निघालेले पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. ती मिलिसेकंदांत सांगतात. एकेरी वेळ मोजायचा तर दोन्ही टोकांची घड्याळे तंतोतंत जुळलेली हवीत, म्हणून बहुधा जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजतात. त्याला आरटीटी (राउंड-ट्रिप टाइम) म्हणतात. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला ‘पिंग’ हा छोटासा प्रोग्रॅम आजही त्यासाठी वापरला जातो.

बँडविड्थ आणि लेटन्सी यांची सर्रास गल्लत होते. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो ते. ती पैसे टाकून वाढवता येते. अंतराचे तसे नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. फायबरची लांबी १०,००० किलोमीटर असेल, तर आरटीटी १०० मिलिसेकंदांच्या खाली येणे नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद जातो.

पॅकेट लाइनवर चढवायलाही वेळ लागतो. १,५०० बाइटच्या पॅकेटला १ एमबीपीएसच्या लाइनवर १२ मिलिसेकंद, १ जीबीपीएसवर १२ मायक्रोसेकंद. पॅकेट पुढच्या मार्गाला लावणाऱ्या राउटरचे स्वतःचे काम आता नगण्य वेळात उरकते.

खरा त्रास राउटरमध्ये पुढे जाण्यासाठी थांबलेल्या पॅकेटांच्या रांगेचा. घरातल्या एखाद्याने मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की एरवी २० मिलिसेकंद दाखवणारा पिंग काहीशेवर जातो आणि चालू कॉल अडखळू लागतो. मेमरी स्वस्त झाल्यावर राउटरमध्ये मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट तात्पुरती ठेवायच्या जागा, आले. डेटा खात्रीने पोहोचवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल सहसा पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतो. बफर मोठा असल्याने पॅकेट लवकर गळत नाही, रांग मात्र लांबत जाते. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते आणि विलंब रेंगाळला तर मुद्दाम पॅकेट टाकून देते. वरवर उलटा वाटणारा हा उपाय लागू पडतो.

विलंब सतत कमी-जास्त होत राहिला तर त्याला जिटर म्हणतात. आवाजाच्या कॉलला तो फार जाचतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार संभाषणासाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा.

वेबपानाच्या बाबतीत सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याच्या फेऱ्या किती होतात यावर बरेच अवलंबून असते. टीसीपीची जोडणी एक फेरी घेते, त्यावर एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल टीएलएस १.२ आणखी दोन. आरटीटी १०० मिलिसेकंद असेल, तर पहिली मागणी पाठवण्याआधीच ३०० मिलिसेकंद संपतात. २०१८ च्या टीएलएस १.३ ने त्यातली एक फेरी वाचवली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने जोडणी आणि एन्क्रिप्शन एकाच फेरीत बसवले. सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क) वेगळ्या बाजूने काम करते : पानाच्या प्रती वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवून प्रत्येक फेरीच लहान करते.