आर ला आर लावला तरी 129 व्होल्ट?

मे महिना, नागपूरचं ते 45 च्या वरचं ऊन, आणि हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्याच्या कारखान्यात दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवायचं काम चालू होतं. जुना 500 केव्हीएचा, दुपारी सगळे कॉम्प्रेसर लागले की नुसता तापायचा, म्हणून मालकाने कुठूनतरी सेकंडहँड उचलला, तेवढ्याच केव्हीएचा, तोच 11 केव्हीवरून 433 व्होल्ट देणारा, आणि दोघांच्या मधात बस कपलर, म्हणजे दोन्हीकडचा सप्लाय जोडणारा ब्रेकर, टाकला की दोघं मिळून लोड ओढतील असा साधा हिशोब. नशीब की कपलर मारायच्या आधी तिथल्या म्हाताऱ्या वायरमनने मल्टीमीटर लावला. तीन फेजची नावं आर, वाय, बी. जुन्याचा आर आणि नव्याचा आर, शून्य यायला पाहिजे, आले 129. नव्याच्या वाय ला लावून पाहिलं तर 483, बी ला 353.

"काऊन जी साहेब, तिनातला एक तर जमाले पाहिजे ना!"

जमणारच नव्हता. वायरिंगमध्ये कोणाची चूक नव्हती, गडबड नेमप्लेटवर लिहिलेली होती आणि ती कोणी वाचलीच नव्हती. जुना डीवायएन 11, नवा वायवायएन 0. पहिलं अक्षर एचटीच्या म्हणजे 11 केव्हीच्या बाजूच्या जोडणीचं, दुसरं एलटीच्या म्हणजे 433 व्होल्टच्या बाजूचं, एन म्हणजे न्यूट्रल बाहेर काढलेला; डी म्हणजे डेल्टा, वाय म्हणजे स्टार (हा वाय फेजचा वाय नव्हे).

शेवटचे 11 आणि 0 हे आकडे म्हणजे चक्क घड्याळाचे तास आहेत. एचटी बाजूचा व्होल्टेज बाराच्या काट्यावर धरायचा आणि एलटीचा काटा कुठे आहे ते बघायचं. 0 म्हणजे दोन्ही काटे बारावर, 11 म्हणजे एलटी 30 अंश पुढे. (अकरा तर मागे असतात ना, असं वाटतं, पण इथे काटे उलटे फिरतात, म्हणून अकरावाला आधी पोचतो.) आपल्या 50 हर्ट्झला एक फेरी 20 मिलिसेकंदाची, म्हणजे 30 अंश म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या थोडं वर. एवढंसंच, पण त्यातच सगळी आग आहे.

हे 30 येतात कुठून? ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या एकाच लोखंडी खांबावर (लिंब म्हणतात त्याला) एचटीची आणि एलटीची कॉइल गुंडाळलेली असते, दोघींना फ्लक्स म्हणजे चुंबकीय प्रवाह एकच, म्हणून दोघींचा व्होल्टेज सोबतच वर-खाली होतो. आता एचटी स्टार असेल तर ती कॉइल आर आणि न्यूट्रलमध्ये बसते, पण डेल्टा असेल तर आर आणि वाय च्या मधात, आणि आर-वाय चा व्होल्टेज आर पेक्षा 30 अंश पुढेच असतो. एलटीची कॉइल बिचारी तेच पुढे पाठवते. तेल बदला, टॅप बदला, हे जात नाही.

आणि वायरी फिरवून? तीन फेज एकमेकांपासून 120 अंशावर, म्हणजे लीड सरकवल्या की काटा एकदम चार तास उडतो. 0 चा 4 होईल, 8 होईल, 11 कधीच होणार नाही. म्हणून तर वायरमनला तीनही जागी व्होल्टेज दिसला. 1 आणि 11 ची गोष्ट वेगळी, ते एकमेकांचे आरशातले भाऊ, एचटी आणि एलटी दोन्हीकडे दोन-दोन फेज अदलाबदल केल्या की जुळतात. 0 आणि 11 चं लग्न मात्र कोणत्याच मुहूर्तावर नाही.

कपलर मारला असता तर? दोघांचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला आतला अडथळा, प्रत्येकी 5 टक्के धरा, 129 व्होल्टला अडवणारं तेवढंच, मग फुल लोडच्या पाचपटीहून जास्त करंट, म्हणजे 3,400 अँपिअरच्या वर, एका ट्रान्सफॉर्मरमधून दुसऱ्यात नुसताच गरगर फिरला असता, एकही मशीन चालू नसताना.

मग लोक म्हणतात चेंजओव्हर स्विच लावू, आधी एक तोडेल मग दुसरा जोडेल. बल्ब, हीटरला चालतं. पण मोठी मोटर सप्लाय गेल्यावरही फिरत असते आणि थोडा वेळ स्वतःच व्होल्टेज बनवते, हळू होत होत मागे पडत जाते. तिला 0 वरून झटकन 11 वर टाकलं तर नवा सप्लाय आधीच 30 पुढे, त्यात ती मागे, अंतर वाढतं आणि शाफ्ट-कपलिंगला दणका बसतो. उलट 11 वरून 0 वर टाकलं तर सुरुवातीला उलट फायदाच, कारण मागे पडत ती नव्या सप्लायकडेच येते! पण यावर भरवसा ठेवू नये, मोटरचा व्होल्टेज पाव-एक राहीपर्यंत थांबणं बरं.

गंमत म्हणजे हेच 30 अंश काही ठिकाणी मुद्दाम आणतात. चंद्रपूर ते पडघे ही 1500 मेगावॅटची डीसी लाइन आहे, अशा लाइनला एसीचा डीसी करताना एका संचाला स्टार-स्टार आणि दुसऱ्याला स्टार-डेल्टामधून वीज देतात, दोघांतल्या 30 मुळे पाचवा आणि सातवा हार्मोनिक (50 हर्ट्झच्या पाचपट-सातपट वेगाच्या नकोशा लहरी) दोन संचांतले एकमेकांना खाऊन टाकतात. फिल्टरचा केवढा खर्च वाचतो.

कारखान्यात शेवटी काय केलं, तर कॉम्प्रेसर वेगळे काढून नव्यावर टाकले. दोन इनकमर (प्रत्येक ट्रान्सफॉर्मरकडून येणारा एक) आणि एक कपलर अशा तीन ब्रेकरला तीन कुलपं लावली आणि चाव्या दोनच ठेवल्या, चावी फिरवल्याशिवाय ब्रेकर लागत नाही आणि लागला की चावी अडकून राहते, त्यामुळे तिन्ही एकदम चालू होऊच शकत नाहीत. तिसरी चावी वायरमनने मालकासमोरच व्हाइसमध्ये धरून वाकवली.